लेआउट दुरुस्त करावा की नवा बांधावा : सांगलीहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

सांगलीच्या गावभागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या वडिलांनी १९९१ साली घराच्या पहिल्या मजल्यावर, १४ बाय १० फुटांच्या खोलीत, एचओ मापाचा (खऱ्याच्या सत्याऐंशीवा भाग) रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या धावत्या गाड्यांची देखाव्यासह मांडणी, बांधायला घेतला आणि पुढची दहा-बारा वर्षे तो वाढवत नेला. लेआउट १२ बाय ४ फुटांचा, कमर्शियल प्लायवर उभारलेला आहे आणि त्याची एक लांब बाजू भिंतीला टेकलेली आहे. रूळ पितळी आहेत, वळणांची त्रिज्या १८ इंच आहे, वीजपुरवठा १२ व्होल्ट डीसीचा आहे आणि भिंतीकडच्या बाजूला डोंगराखालून एक बोगदा जातो. पुढच्या कोपऱ्यात मिरज जंक्शनच्या जुन्या मालधक्क्याची प्रतिकृती आहे. २०१९ च्या महापुराचे पाणी तळमजल्यात आले. लेआउट स्वतः भिजला नाही, पण घर महिनाभर ओलसर राहिले आणि तेव्हापासून गाड्या वारंवार रुळांवरून उतरतात. प्रश्नकर्त्यांनी अलीकडे घेतलेले एलएचबी पद्धतीचे, म्हणजे खऱ्या रेल्वेतल्या नव्या, लांब डब्यांसारखे डबे तर एकही फेरी पुरी करत नाहीत. वडील आता ७८ वर्षांचे आहेत. डागडुजी करावी, की हा लेआउट काढून नवा बांधावा, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

मी साताऱ्यात राहतो आणि गेली एकतीस वर्षे हे काम करतो. या काळात माझे दोन लेआउट मी स्वतः मोडले, तिसरा सध्या चालू आहे, आणि इतरांचे काही लेआउट दुरुस्त करण्यात किंवा उतरवण्यात हात लावला आहे. आपण पाठवलेली छायाचित्रे आणि मोजमापे पाहून माझे मत असे झाले आहे की मालधक्क्याचा कोपरा जसाच्या तसा कापून वेगळा करावा, बाकीचा लेआउट टप्प्याटप्प्याने काढून टाकावा आणि खोलीच्या भिंतींलगत नवा बांधावा. मात्र आपण हे माझ्या शब्दावर मान्य करू नये. खाली सांगितलेली तपासणी पंधरा दिवस करावी आणि तिच्यातून वेगळेच काही निघाले तर माझे मत बाजूला ठेवावे.

आधी एक गैरसमज दूर करतो. लेआउटचे वय हे तो काढण्याचे कारण होऊ शकत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथला लेआउट १९९८ पासून लोकांसमोर चालतो आहे. घरच्या लेआउटपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या तिथल्या गाड्यांच्या होतात. नीट बांधलेला आणि हात पोचेल असा लेआउट तीस वर्षांनंतरही सुधारता येतो. प्रश्न दोष कुठल्या पातळीवर आहे याचा असतो. देखावा, वायरिंग, खडी आणि रूळ हा वरचा थर झाला. त्याखाली लाकडी सांगाडा येतो, आणि या दोहोंच्या आधी कागदावर ठरलेला आराखडा असतो, म्हणजे वळणांची त्रिज्या, चढ, रुंदी आणि भिंतीपासूनचे अंतर. वरच्या थरातला कोणताही दोष दुरुस्त होतो. सांगाड्यातला दोष कधी होतो, कधी होत नाही. आराखड्यातला दोष मात्र दुरुस्तीने जात नाही, कारण तो घालवायचा म्हणजे रूळ नव्या जागी टाकायचे, आणि रूळ नव्या जागी टाकले की तो लेआउट नवाच झाला.

म्हणून गाड्या किती वेळा उतरतात यापेक्षा त्या कुठल्या पातळीमुळे उतरतात हे शोधावे. त्यासाठी मी एक साधी रीत वापरतो. बायकांच्या लाल टिकल्यांचे एक पाकीट आणावे, लेआउटजवळ एक वही ठेवावी आणि पंधरा दिवस रोज अर्धा तास गाड्या चालवाव्यात. डबा जिथे उतरेल तिथे रुळाशेजारी टिकली चिकटवावी आणि वहीत कोणता डबा, कोणत्या दिशेने आणि किती वेगात उतरला ते लिहावे. पंधरा दिवसांनी टिकल्या स्वतःच बोलू लागतात. एकाच डब्याच्या टिकल्या लेआउटभर विखुरलेल्या असतील तर रूळ निर्दोष आहेत आणि त्या डब्याची चाके बघायला हवीत. सगळ्या जातींच्या डब्यांच्या टिकल्या एकाच जागी साचल्या असतील तर तिथला रूळ, सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) किंवा खालचे लाकूड बिघडले आहे. फक्त लांब डबे उतरत असतील आणि तेही प्रत्येक वळणावर, तर दोष आराखड्याचा आहे.

चाकांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. एचओ आणि ओओ (त्याहून किंचित मोठे माप) या दोन्ही मापांची गाडी १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालते आणि एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर साधारण १४.४ मिलिमीटर असावे लागते. जुन्या डब्यांच्या प्लास्टिकच्या आसावर चाक अर्धा मिलिमीटर आत सरकलेले असते आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. अशा एका डब्यापायी लोक आख्खा सांधा उखडतात. व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) घेऊन प्रत्येक आस मोजायला एक संध्याकाळ पुरते.

आता सांगाडा पाहू. आपल्या लेआउटच्या छायाचित्रात आठव्या फुटावर प्लायचा जोड स्पष्ट दिसतो, कारण प्लायचा पत्रा ८ बाय ४ फुटांचा असतो आणि पुढचे चार फूट दुसऱ्या पत्र्याचे आहेत. रुळांच्या माथ्यालगत मासेमारीची बारीक तंगूस दोरी ताणून बांधावी आणि दर सहा इंचांवर दोरी व रूळ यांतले अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. या मोजणीत लोक चुकीच्या आकड्याला घाबरतात. आठ फुटांत मध्यभागी तीन मिलिमीटरचा झोळ आला असेल आणि तो हळूहळू उतरत हळूहळू चढत असेल, तर धावणाऱ्या गाडीला त्याचे काहीच वाटत नाही. यार्डात उभे केलेले डबे मात्र आपोआप सरकत मध्यावर येतील, तेवढीच अडचण. पण आठव्या फुटाच्या जोडावर एक मिलिमीटरची जरी पायरी पडली असेल तरी तिथे गाडी उतरणारच, कारण डब्याच्या पुढच्या बोगीचे (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याचे) चाक एका पातळीवर आणि मागच्या बोगीचे दुसऱ्या पातळीवर असते. आपल्या वर्णनात २०१९ नंतर नव्याने सुरू झालेला त्रास बहुतेक याच जोडावरचा असावा, असा माझा अंदाज आहे.

कमर्शियल प्लायचे थर युरियाच्या गोंदाने जोडलेले असतात. हा गोंद कोरड्या खोलीत वर्षानुवर्षे टिकतो, पण ओल धरून राहिलेल्या घरात तो हळूहळू सुटतो. मरीन प्लायमध्ये फिनॉलचा गोंद असतो आणि तो पाण्याला पुष्कळ दाद देत नाही. आपला प्लाय कोणत्या अवस्थेत आहे हे कळण्यासाठी खाली उताणे पडून दर फुटावर बोटाच्या सांध्याने ठोकून पाहावे. जिथे थर सुटला आहे तिथे आवाज पोकळ येतो. मग टोचा घेऊन कडेच्या थरांत दाबावा. तो सहज आत जात असेल किंवा कडेला बुरशीचा काळा पट्टा दिसत असेल, तर त्या पत्र्यात स्क्रू धरणार नाही. सांगाड्याच्या पट्ट्या आणि भिंत यांच्यामध्ये मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवी आहे आणि मग बाकीच्या चर्चेला अर्थ उरत नाही. ते लाकूड घरातून बाहेर गेलेच पाहिजे. केवळ जोड वर-खाली झाला असेल आणि प्लाय ठणठणीत असेल, तर जोडाखाली आडवी पट्टी लावून, दोन्ही पत्रे तिला स्क्रूने घट्ट ओढून, एका रविवारात तो दोष दूर होतो. इथपर्यंतची दुरुस्ती मी कोणालाही आनंदाने सांगेन.

पण आपल्या प्रकरणात आराखडाच आड येतो, आणि हा भाग मी जरा विस्ताराने मांडतो.

खऱ्या एलएचबी डब्याची लांबी २३.५४ मीटर असते. एचओ माप म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीवा भाग, म्हणून पूर्ण लांबीचा डबा २७ सेंटिमीटरचा होतो. जुना आयसीएफ डबा २१.३४ मीटरचा, म्हणजे मापात साडेचोवीस सेंटिमीटरचा. लेआउट बांधणाऱ्यांमध्ये जगभर एक ठोकताळा चालतो : वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या दुप्पट असेल तर डबा कसाबसा निघतो, अडीचपट असेल तर भरवशाने धावतो आणि तिप्पट असेल तर डोळ्यांनाही बरा दिसतो. आपली वळणे १८ इंचांची, म्हणजे पावणेशेहेचाळीस सेंटिमीटरची आहेत. २७ सेंटिमीटरच्या डब्याला ती १.७ पट होतात. दुपटीचीही पातळी गाठलेली नाही. दोन डब्यांची टोके वळणावर विरुद्ध दिशांना बाहेर फेकली जातात, कपलिंग आडवे ओढले जाते आणि हलका डबा आतल्या बाजूला कलंडतो. रूळ नवे टाका, चाके बदला, डब्यांत वजन भरा, हा ताण तिथेच राहणार. तिप्पट त्रिज्या हवी तर ८१ सेंटिमीटर, म्हणजे ३२ इंच लागते, आणि गाडी पुरती उलट फिरवायची तर त्याच्या दुप्पट रुंदी आणि वर कडेचे मार्जिन, म्हणजे जवळजवळ सहा फूट. चार फुटांच्या पत्र्यावर ती कोणत्याही कौशल्याने बसत नाही.

दुसरा दोष हाताच्या पोचेचा. उभ्या माणसाचा हात देखावा न मोडता साधारण अडीच फुटांपर्यंत पोचतो. आपला लेआउट चार फूट रुंद असून भिंतीला टेकलेला आहे आणि बोगदा नेमका भिंतीकडच्या बाजूला आहे. म्हणजे जिथे गाडी अडकली तर दिसत नाही तिथेच हातही पोचत नाही. आपण लिहिले आहे की बोगद्यातले रूळ २००७ नंतर पुसलेलेच नाहीत. वडिलांच्या त्या वेळच्या वयाला आणि उंचीला ते जमत असेल, आता कोणालाच जमणार नाही. पितळी रुळांवर काळपट थर चढतो, तो वीज नीट वाहू देत नाही आणि सारखा पुसावा लागतो. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूच्या रुळांचा हा त्रास पुष्कळ कमी असतो. पण पोचता न येणाऱ्या जागी निकेल सिल्व्हर टाकण्यासाठीसुद्धा आधी डोंगर फोडावा लागेल.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. १९९६ साली बांधलेल्या माझ्या दुसऱ्या लेआउटवर आदर्की-वाठार भागातला घाट होता. पुणे-मिरज मार्गावरचा तो वळणावळणाचा चढ मला लहानपणापासून फार आवडतो. जागेच्या हव्यासापोटी मी वळणे १८ इंचांची ठेवली. २००६ मध्ये गाड्या त्रास देऊ लागल्या तेव्हा मी दीड वर्ष खपून सगळे पितळी रूळ काढले, निकेल सिल्व्हर टाकले, वायरिंग नवे केले आणि खडी पुन्हा पसरली. काम उत्तम झाले होते. पहिल्या दिवशी आयसीएफ डब्यांची गाडी सोडली आणि ती ज्या दोन वळणांवर पूर्वी उतरायची त्याच दोन वळणांवर उतरली. त्या दीड वर्षाचे मला आजही वाईट वाटते, कारण आकडे माझ्यासमोर होते आणि मी भागाकार करून पाहिला नव्हता. २००९ मध्ये तो लेआउट मी उतरवला.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती तितकीच गंभीर आहे. कोरेगावच्या माझ्या एका स्नेह्यांनी असाच जुना लेआउट दोन दिवसांत मोडून टाकला, कारण नवा आराखडा त्यांच्या मनात तयार होता. तो आराखडा खोलीपेक्षा मोठा होता. सात वर्षे झाली, त्या खोलीत आज धान्याची पोती आहेत. लेआउट मोडायला दोन दिवस लागतात आणि बांधायला काही वर्षे, आणि त्या मधल्या काळात घरात एकही गाडी धावत नसेल तर उत्साह टिकत नाही. आपल्या घरात तर ७८ वर्षांचे वडील आहेत. ज्यांनी हा लेआउट बांधला त्यांना दोन-तीन वर्षे गाडी धावताना दिसणार नसेल, तर तो नवा लेआउट कितीही चांगला झाला तरी चुकीच्या क्रमाने बांधला गेला, असे मी म्हणेन.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी आठव्या फुटाचा जोड दुरुस्त करावा आणि बाहेरचे एकच चक्र, वडिलांच्या जुन्या आखूड डब्यांसाठी, चालू करून द्यावे. ते डबे १८ इंचांच्या वळणासाठीच बनलेले आहेत आणि तिथे ते छान धावतील. बोगद्यातला रूळ एवढ्यापुरता खालून, प्लायला हात जाईल एवढे चौकोनी भोक पाडून साफ करावा. बाकी कशावरही खर्च करू नये. मग समोरच्या १४ फुटांच्या भिंतीलगत नवे काम सुरू करावे. खोली १० फूट रुंद आहे, जुना लेआउट ४ फूट घेतो, नवी फळी २ फूट घेईल, मध्ये चार फुटांची वाट राहील. दोन्ही काही काळ शेजारी नांदू शकतात.

नवा लेआउट दोन फूट रुंदीच्या फळ्यांचा, खोलीच्या चारही भिंतींलगत फिरणारा आणि दारापाशी उचलता येणाऱ्या छोट्या पुलाचा करावा, असे मी सुचवतो. दोन फुटांत हात सर्वत्र पोचतो. कोपऱ्यांत ३२ इंचांची वळणे निवांत बसतात, कारण तिथे गाडीला पाव वर्तुळच फिरायचे असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर सध्याच्या ४८ चौरस फुटांऐवजी सुमारे ८० मिळतात आणि खोलीच्या मध्यभागी सहा बाय दहा फुटांची मोकळी जागा उरते, जिथे वडील खुर्चीवर बसून गाडी चारही बाजूंना फिरताना पाहू शकतील.

फळ्या ४ बाय २ फुटांच्या सुट्या भागांत बांधाव्यात. मरीन प्लायच्या एका पत्र्यातून असे चार भाग काहीही वाया न जाता निघतात. खाली तीन इंच उंचीच्या पट्ट्यांची चौकट, दोन भाग एकमेकांना आठ मिलिमीटरच्या बोल्टांनी आणि पाखरी नटांनी जोडलेले, आणि वायरींना प्रत्येक जोडावर प्लग. सुटे भाग सगळीकडेच सोयीचे असतात, परंतु गावभागात राहणाऱ्यासाठी मी ते अनिवार्य मानतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी हे आपल्याला मी सांगायला नको. पाणी इशाऱ्याला पोचले की दोन माणसांनी तासाभरात आख्खा लेआउट बोल्ट काढून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवता आला पाहिजे. १२ फुटांची अखंड चौकट जिन्याच्या वळणातून कधीच जाणार नाही, आणि २०१९ मध्ये ती गेली नाही हे आपण लिहिलेच आहे.

आता मालधक्का. बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज फाटा १९२७ साली मिरजेला आला आणि पुढे बराच काळ मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशी तिन्ही मापे एका आवारात होती. आपल्या वडिलांनी त्यातला नॅरोगेज आणि ब्रॉडगेज यांच्यामधला मालधक्का निवडला आहे. त्यांनी केलेला हिशेबही मला छायाचित्रावरून कळतो : बार्शी लाइटचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे, भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर, म्हणून त्यांनी एन या एचओहून लहान मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ घेऊन त्याचे स्लीपर काढून मोठे, विरळ बसवले आहेत. ब्रॉडगेजला तो प्रामाणिकपणा शक्य नव्हता. १६७६ मिलिमीटरचे खरे माप सव्वाएकोणीस मिलिमीटर होते आणि आपण सगळेच तिथे १६.५ वर समाधान मानतो. धक्क्यावर सेंटिमीटरभर लांबीची कापडी पोती रचली आहेत, एका पोत्याची शिवण उसवलेली आहे आणि फरशीवर हळदीचा पिवळा डाग पडला आहे. खरी हळद प्रकाशाने काही महिन्यांत उडून जाते, तेव्हा तो रंगच असावा, पण कडेला फिका आणि पोत्याखाली गडद असा तो इतक्या नेमकेपणाने उतरवला आहे की मी ते छायाचित्र बराच वेळ पाहत राहिलो. असे काम पुन्हा होत नाही. ते वाचवण्यासाठी बाकीचा लेआउट दुरुस्त करत बसण्याची मात्र गरज नाही. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांचा गोरी अँड डिफीटेड हा या छंदातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध लेआउट. त्यांनी तो तीनदा बांधला आणि तिसऱ्या, तळघर भरणाऱ्या लेआउटमध्ये आपला पहिला छोटा लेआउट एका कोपऱ्यात जसाच्या तसा बसवून घेतला. आपणही तेच करावे. मालधक्क्याचा भाग ४ बाय २ फुटांच्या एका फळीत नेमका मावतो.

कापण्याची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण इथली चूक भरून येत नाही. कापायची रेघ अशी निवडावी की ती प्रत्येक रुळाला काटकोनात छेदेल आणि कुठल्याही सांध्यातून जाणार नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना, अर्ध्या इंचावर, प्रत्येक रुळाखाली एकेक पितळी स्क्रू प्लायमध्ये बसवून रूळ त्याच्या डोक्याला डाग देऊन (सोल्डर करून) पक्का करावा. असे केले की रूळ कापल्यावर त्याची टोके हलत नाहीत. कापण्याच्या आधीच खालून नवी चौकट त्या भागाला स्क्रूने जोडून घ्यावी. लोक आधी कापतात आणि मग चौकट लावतात, तेवढ्यात जुना प्लाय वाकतो आणि धक्क्याची भिंत तडकते. सगळी सुटी पोती, माणसांच्या प्रतिकृती आणि रेल्वेचे डबे उचलून क्रमांक लिहिलेल्या खोक्यांत ठेवावेत, उरलेल्यावर पातळ प्लास्टिक अंथरावे. रूळ बारीक दातांच्या करवतीने हाताने कापावेत आणि प्लाय जिगसॉला बारीक पाते लावून, सावकाश. वायरी तोडण्याआधी प्रत्येकीला दोन्ही बाजूंना कागदी पट्टी चिकटवून नाव लिहावे. नव्या फळ्यांशी जुळवताना पातळी लाकडाच्या माथ्यावरून न धरता रुळाच्या माथ्यावरून धरावी, कारण जुना प्लाय आणि नवा प्लाय यांची जाडी कधीच तंतोतंत सारखी नसते.

उरलेल्या लेआउटमधून सांधे आणि सिग्नल वाचवता येतील का, हे वडिलांनी कोणता चिकटवा वापरला यावर ठरेल. खडी साध्या पांढऱ्या फेविकॉलने बसवली असेल तर पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ती भिजवावी, अर्ध्या तासाने पुट्टीची पातळ पट्टी रुळाखाली सरकवली की रूळ अलगद सुटतो. मरीन फेविकॉल किंवा अरल्डाइट असेल तर त्या रुळांचा नाद सोडावा. पितळी साधे रूळ तसेही पुन्हा वापरू नयेत.

नव्या रुळांची उंची ठरवताना वडिलांचे जुने डबे लक्षात घ्यावेत. जुन्या युरोपीय खेळण्यांच्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असते आणि ती कोड ७५ (हा आकडा रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतो) सारख्या बुटक्या रुळावर स्लीपरच्या खिळ्यांना घासते. ते डबे चालवायचे असतील तर कोड १०० घ्यावा, त्याची उंची २.५४ मिलिमीटर असते. दिसायला तो थोडा जाड वाटतो, पण खडी आणि गंज-रंग नीट दिला की डोळा सरावतो. मी स्वतः माझ्या तिसऱ्या लेआउटवर तोच ठेवला आहे.

डीसीवरून डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर, जावे का, हा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे. त्यावर या निर्णयाचा भार टाकू नये. वायरिंग हा वरचा थर आहे आणि तो कधीही बदलता येतो. फक्त नव्या फळ्यांखाली पहिल्यापासून अडीच स्क्वेअर एमएमची लाल-काळी जोडी मुख्य तार म्हणून फिरवावी आणि दर तीन फुटांवर पाऊण स्क्वेअर एमएमचे फाटे रुळांना डाग देऊन जोडावेत, म्हणजे पुढे डीसीसी आणले तरी खाली काही बदलावे लागणार नाही. वडिलांच्या जुन्या इंजिनांत मात्र घाईने डिकोडर (ती आज्ञा वाचणारे छोटे संच) बसवू नयेत. त्यांच्या मोटारी अडकल्यावर पुष्कळ विद्युतप्रवाह ओढतात, आणि बऱ्याच जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो. तो आधी अलग केल्याशिवाय डिकोडर पहिल्याच क्षणी जळतो.

आपल्याला एलएचबी डब्यांची ओढ नसेल आणि जुन्या आखूड गाड्याच चालवायच्या असतील, तर मात्र वरचा बराचसा युक्तिवाद गळून पडतो. मग प्लाय ठोकून पाहावा, आणि तो शाबूत निघाला तर लेआउट भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून, खाली चाके लावून, पितळी रूळ टप्प्याने बदलत तो आणखी वीस वर्षे चालवावा. हा निर्णयही पूर्णपणे योग्य ठरेल.

वेळेबद्दल एवढेच सांगतो. टिकल्यांची तपासणी आणि वडिलांबरोबर बसून खाकी कागदावर सध्याच्या रुळांचा नकाशा उतरवणे ही कामे या पावसाळ्यात करावीत. कोणता स्विच कोणत्या भागाचा आणि बोगद्यातली तार कुठून आली, हे ते सांगत असताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, कारण ही माहिती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही. प्लाय आणि लाकूड दसऱ्याच्या सुमारास आणून त्याच खोलीत तीन आठवडे उभे करून ठेवावे, म्हणजे ते खोलीच्या हवेला सरावते. कापाकापी आणि नवी फळी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरू करावी. थंडीत रूळ टाकताना प्रत्येक जोडात जाड पोस्टकार्डाएवढी फट सोडावी. दहा फूट रूळ वीस अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, पण मे महिन्यात त्या एका मिलिमीटरला जायला जागा नसेल तर तो वळणावर रूळ बाहेर ढकलतो.